वेंकोबमामांची तांबडी रेघ

वेंकोबमामा मीटिंगला येत ते खिशात तुरटीचा खडा घेऊनच. दाढीनंतर गालावर फिरवायची वडी नव्हे. चांगला लिंबाएवढा खडा, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. खुर्चीवर बसले की आधी तो खडा टेबलाच्या मधोमध ठेवायचा, मग चष्मा पुसायचा आणि मगच तोंड उघडायचं. पिरियापट्टणच्या एका कचेरीत पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा कॉफी आणणारा शिपाई दारातच थबकला. तुरटीनं दृष्ट काढतात एवढंच त्याला ठाऊक. तो कप घेऊन तसाच मागे फिरला. मामा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. दृष्टच काढायचीय, पण तळ्याची."

आम्ही रंगारी. म्हणजे होतो. मैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणाला सांगता येत नाही, पण घरात अजून मराठी बोलतो. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे रुमाल तोंडाला लावतात, कारण दर वाक्यात एक तरी कन्नड शब्द घुसतो. घुसू दे. एकेकाळी आमच्या घरांत कापड रंगायचं. आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या, आणि मग रंगात. तुरटी चुकली तर रंग पहिल्याच धुण्यात वाहून जातो. वेंकोबमामांनी आयुष्यात कधी एक वार कापड रंगवलं नव्हतं, पण हे वाक्य मात्र घराण्याची इस्टेट असल्यासारखं सांभाळलं होतं: "रंग नंतर. आधी तुरटी." मुलगी बघायला जाणाऱ्यांना हेच. स्कूटर घेणाऱ्याला हेच. माझ्या आईचा उप्पिट्टू, म्हणजे उपमा, गिचका झाला तेव्हाही हेच. त्यावर आईनं त्यांना तो सगळा संपवायला लावला.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईनं त्यांना भाऊ मानलेलं, आणि मैसूरच्या कुवेंपुनगरात आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो. माझे वडील शिलाई मशीनवर बसत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही मत्स्यशास्त्राची. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. नातेवाईक म्हणायचे, "मासे शिकायला कॉलेज कशाला, बाजारात जाऊन उभी राहा." मी त्यांना तोंडावर उत्तरं दिली. तोंडावर बोलायची मला सवय आहे. तिनं माझं काय भलं केलं ते पुढे येईलच.

वेंकोबमामांची सगळी नोकरी मासे खात्यात गेली, पण टेबलाच्या कोरड्या बाजूला, कारकून म्हणून. मासे त्यांना ओळखू येत नसत. कटला मोठ्या डोक्याचा, रोहू लहान डोक्याचा, हे मी त्यांना कितीदा तरी दाखवलं. ते मान डोलवायचे आणि रोहूकडे बोट दाखवून पाहुण्यांना कटल्याची माहिती द्यायचे, पूर्ण आत्मविश्वासानं. खायचा तर प्रश्नच नव्हता. जाळं ओढताना ते नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहायचे. मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष चेलुवम्मा त्यांना कन्नडातलं 'रावसाहेब' लावून म्हणायची, "रायरे, मासा तुम्हाला चावत नाही, तुम्ही माशाला चावत नाही. मग एवढं भांडण कसलं तुमचं?"

असा माणूस निवृत्तीनंतर मासेपालनाच्या प्रकल्पात समन्वयक झाला आणि मी त्याच प्रकल्पात क्षेत्र अधिकारी. मामांना घेतलं ते एवढ्यासाठी की पिरियापट्टण तालुक्यातलं एकही असं माणूस नव्हतं ज्याच्या लग्नात ते जेवले नव्हते.

प्रकल्प मोठा होता. गावतळ्यांत मासे वाढवायचे, आणि तळ्याशी संबंध असलेल्या सगळ्यांच्या सहकार्यानं वाढवायचे. या सगळ्यांना आमचे साहेब 'स्टेकहोल्डर' म्हणत. शब्द असा घोळवत की वाटावं तोंडात पेपरमिंट आहे. मामांना तो शब्द पटला नाही. "वाटेकरी म्हण," ते मला बसमध्ये म्हणाले. "वाटेकरी म्हटलं की माणसाला समोर आपलं ताट दिसतं. तुझ्या त्या इंग्रजी शब्दानं फक्त साहेबाला जेवण दिसतं." साहेबांना खरोखरच दिसत असे. सहकार्यावरची पहिली कार्यशाळा झाली ती मैसूरच्या हॉटेलात. मच्छीमार मागच्या रांगेत, शेतकरी त्यांच्या मागे, आणि जेवणात मासा होता तो समुद्राचा.

तळं होतं पिरियापट्टणच्या पुढे. मोठं नव्हे, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक ऐकू जावी एवढं. भांडणही अगदी साधं. पावसाळ्यात चेलुवम्माच्या सोसायटीची माणसं तळ्यात बोटुकली सोडायची, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती खाण्याजोगी व्हायला उन्हाळा पार पडावा लागतो. आणि ऐन उन्हाळ्यातच तंबाखूची रोपं वाफ्यांवर असतात. त्यांना रोज पाणी हवं. शेतकऱ्यांचे पंप बांधावर यायचे, तळं खाली जायचं, आणि मासे चिखलात उताणे पडायचे. मग सोसायटी पुढच्या वर्षी अर्ध्या मनानं पिल्लं सोडायची, आणि शेतकरी म्हणायचे, मासे तसेही नाहीत, मग पाणी ठेवायचं कुणासाठी. दरवर्षी हेच.

शेतकऱ्यांचा पुढारी पुट्टेगौडा. आवाज असा की पंप बंद करून बोलायची गरज नाही. पहिल्या बैठकीला तो बांधाच्या एका टोकाला बसला, चेलुवम्मा दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचीही पाठ तळ्याकडे. मधे आम्ही. मामांनी सतरंजीवर तुरटी ठेवली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तळ्याचं गढूळ पाणी लोट्यात घेतलं, त्यात खडा फिरवला, आणि बसून राहिले. बोलायला कुणी तयार नव्हतंच, त्यामुळे सगळे त्या लोट्याकडे बघत बसले. गाळ खाली गेला. "बघा," मामा म्हणाले. पुट्टेगौडा म्हणाला, "बघितलं. पिऊ का आता?" त्याबरोबर चेलुवम्मा हसली. तळ्याच्या त्या काठावर पुट्टेगौडाच्या बोलण्याला ती पहिल्यांदाच हसली असावी.

पण करार झाला तो लोट्यानं नव्हे. कसा झाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामा पुट्टेगौडाच्या ओसरीवर गेले. म्हणाले, "गौडरे, चेलुवम्मा कबूल झाली. तंबाखूच्या रोपांना पाणी पाहिजेच, असं ती स्वतः म्हणाली. फक्त तळाचं थोडं ठेवा म्हणते." पुट्टेगौडानं पान पुढे केलं. तिथून आम्ही चेलुवम्माच्या दारात. "अम्मा, गौडा कबूल झाले. माशांसाठी तळाचं पाणी ठेवायचंच, असं ते स्वतः म्हणाले. फक्त रोपं जगेपर्यंत वरचं घेऊ द्या म्हणतात." चेलुवम्मानं बसायला पाट दिला. दोघांपैकी कुणीही असं काही म्हटलेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी मामांना सुनावलं. "हे खोटं झालं."

"सुम्ने, गप बस गं, सुमन. खोटं नव्हे ते. आगाऊ खरं."

"म्हणजे?"

"म्हणजे जे उद्या म्हणणार आहेत ते मी आज सांगितलं. कुणीतरी आधी सोडलं असं कळल्याशिवाय माणूस सोडत नाही. मग दोघांनाही आधी सोडणारा दुसराच वाटला तर बिघडलं काय?"

"आणि दोघं एकमेकांना विचारतील तेव्हा?"

"तोवर खरं झालेलं असेल," मामा म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. त्यांना बसमध्ये झोप यायची. मला नाही आली.

पण झालं खरं. तळ्यात तुंबाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, एक जुना दगडी खांब होता. त्यावर रेघ मारायची ठरली: पाणी रेघेला टेकलं की सगळे पंप बंद, कुणाचाही असो. रेघ मारायचा मान मामांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. रंग त्यांनी घरी तयार केला. काव, जवसाचं तेल, "आणि एक वस्तू मी सांगणार नाही." खांबाला आधी तुरटीच्या पाण्यानं धुतलं. दगडाला तुरटी काय करणार, असं मी पदवीधर म्हणून विचारलं. "दगडाला काही करत नाही," ते म्हणाले, "बघणाऱ्यांना करते." मग कंबरेइतक्या पाण्यात, कोट काठावर काढून, शर्ट मात्र गळ्यापर्यंत बंद, त्यांनी दोरी लावून रेघ मारली. दोरी लावूनही ती वाकडी आली. पुट्टेगौडा काठावरून ओरडला, "रायरे, उजवीकडे पाणी जास्त आणि डावीकडे कमी ठेवायचं का?" सगळे हसले. मामाही, थोडेसे.

पावसात तळं भरलं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरत रेघेला टेकलं तसे पंप थांबले. मी तिथे उभी होते. पुट्टेगौडानं स्वतः जाऊन आपल्या चुलतभावाचा पंप बंद केला, आणि शेवटच्या वाफ्यांना घरच्या बायकांनी विहिरीवरून कळशांनी पाणी घातलं. मासे काढले त्या दिवशी चेलुवम्मानं त्याच्या घरी पहिला कटला पाठवला. मामांनी तो रोहू आहे असं सगळ्यांना सांगितलं. बांधावर पंगत बसली, एकच, सरळ. मामा तिच्यात बसले, कापराचा रुमाल मानेला बांधून, दहीभात घेऊन. एकीकडे पुट्टेगौडा, दुसरीकडे चेलुवम्मा. इतकं पोट भरून जेवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या घरी असं जेवण होत नसे. हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर मामांनीच बांधलेलं. वरच्या मजल्यावर थोरला मोहन, बँकेत. खाली धाकटा रवी, हेब्बाळच्या कारखान्यात. दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झालं ते आता त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दाराला घंटा दोन, फाटकाला कुलुपं दोन, पाण्याच्या मोटारी दोन. मामांचं जेवण एक महिना वर, एक महिना खाली. अमावास्या झाली की ताट बदलायचं. आणि बाकी वेळ मामा बसायचे बाहेरच्या जिन्यात, बरोबर मधल्या पायरीवर, पेपर घेऊन. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे; ती सकाळभर घरघरत असते आणि पीठ उडून जिन्यापर्यंत येतं. मी एकदा विचारलं, "मामा, या आवाजात कसले बसता? आत बसा की." ते म्हणाले, "इथे वारा चांगला येतो." वारा येत नव्हता. वरच्या घरात बसले तर खालच्याला वाईट वाटेल आणि खाली बसले तर वरच्याला, एवढंच होतं.

दुसऱ्या वर्षी तळं चांगलं भरलं, पिल्लं पूर्ण मनानं सोडली गेली, आणि आमच्या साहेबांना दिल्लीहून पत्र आलं की प्रकल्प बघायला पाहुणे येणार.

पाहुणे येणार ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. साहेब आधी तळं बघायला आले, जीपमधून उतरले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "पण मासे दिसत नाहीत."

मी म्हणाले, "पाण्यात आहेत."

"तेच. पाणी जास्त आहे. पाहुण्यांसमोर जाळं ओढलं की मासे उड्या मारताना दिसले पाहिजेत. फोटो आला पाहिजे. पाणी खाली आणा."

"किती खाली?" मामांनी विचारलं.

साहेबांनी हातानं दाखवलं. हात तांबड्या रेघेच्या बराच खाली गेला.

त्यानंतरची बैठक मैसूरच्या आमच्या कचेरीत झाली. मामांनी तुरटी टेबलावर ठेवली. पंखा जोरात होता, कागद उडत होते. साहेबांनी तो खडा उचलून कागदांवर ठेवला, वजन म्हणून. मामा त्या खड्याकडे बघत बोलले. "साहेब, रेघ दगडावर नाही. रेघ त्या लोकांच्या मनात आहे. तिथं अजून ओली आहे. आपणच तिच्या खाली गेलो तर उद्या कुणाला थांबा म्हणायचं कुठल्या तोंडानं?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, वेंकोबराव."

"एका दिवसाचाच असतो, साहेब."

मग मी बोलले. मराठीत मनातल्या मनात, आणि इंग्रजीत तोंडावर. म्हणाले की पाणी एवढं खाली नेलं तर उरलेले मासे उष्म्यानं मरतील, हे मी शिकले आहे आणि त्यासाठीच मला इथे ठेवलंय. फोटोसाठी तळं रिकामं करायचं असेल तर फोटोग्राफर ठेवा, मला कशाला. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा चांगला होता, ऐकतोय असा वाटायचा. शेवटी म्हणाले, "युवर पॉइंट इज नोटेड." आणि तुंब उघडला गेला.

पाहुणे आले. मंडप घातला होता, फलक होता, त्यावर एकमेकांत गुंफलेले हात काढले होते. मासे उड्या मारताना दिसले. दिल्लीच्या पाहुण्यांनी एक कटला शेपटीकडून उलटा धरून फोटो काढून घेतला. आणि कुणाला काय सुचलं, त्या दगडी खांबाला झेंडूचा हार घातला. सहकार्याचं प्रतीक म्हणून. साहेब त्या खांबाशेजारी उभे राहून तांबड्या रेघेबद्दल बोलले, छान बोलले, आणि रेघ त्यांच्या छातीशी होती, वाळलेली. पाणी कुठेतरी खाली, बुटांपासूनही लांब. टाळ्या झाल्या. बांधावर पुट्टेगौडा हाताची घडी घालून उभा होता. त्यानं टाळी वाजवली नाही. तो रेघेकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी बांधावर पंप आले. सगळेच. पुट्टेगौडाचा सगळ्यात आधी.

मामा आणि मी पोचलो तेव्हा पंप चालू होते आणि चेलुवम्मा कंबरेवर हात ठेवून पुट्टेगौडासमोर उभी होती. आम्हाला पाहून गौडानं पंप बंद केला नाही. तो तसाच, त्याच्यावर आवाज चढवून बोलला. "सरकारच रेघेखाली गेलं, रायरे. माझी रोपं काय परकी आहेत?"

"तूच आधी कबूल झाला होतास," चेलुवम्मा म्हणाली. "तळाचं पाणी ठेवतो म्हणून."

"मी? आधी तू कबूल झालीस. तू म्हणालीस, तंबाखूला पाणी पाहिजेच."

"मी असं कधी म्हणाले?"

"मग मी तरी कधी म्हणालो?"

दोघं थांबले आणि दोघांनीही एकाच वेळी मामांकडे वळून बघितलं.

 मामांकडे एरवी वाक्यांची कमी नव्हती. पण ते कोटाचं वरचं बटण लावत राहिले, लागलेलंच बटण. चेलुवम्मा त्यांच्याशी कधी वाईट बोलली नव्हती. तेव्हाही आवाज न चढवता बोलली. म्हणाली, "रायरे, मासे गेले ते गेले, पुन्हा येतील. पण आम्ही दोघं एक वर्ष एकमेकांना चांगलं समजत होतो. ते पण तुमचंच होतं काय?"

दुपारपर्यंत तळ्यात चिखल उरला आणि चिखलात मासे. घारी आल्या, बगळे आले. मामांनी रुमाल नाकाला बांधला नाही. मी सांगते, तो वास मला, मत्स्यशास्त्राच्या पदवीधराला, सहन होत नव्हता. ते तिथे उभे राहिले, एका मेलेल्या माशाकडे बघत, आणि म्हणाले, "हा कटला ना?"

कटलाच होता. पहिल्यांदाच बरोबर ओळखला त्यांनी.

पुढचं थोडक्यात. प्रकल्प यशस्वी झाला. अहवालाच्या मुखपृष्ठावर हार घातलेला खांब आहे. छपाई इतकी चांगली की रेघ तेवढी दिसते आणि खालचं पाणी फोटोच्या बाहेर राहतं. साहेब बढतीवर गेले. माझा करार संपला तो पुन्हा केला गेला नाही. 'नोंद' घेतली होती ती ही असावी. मामांनी आपण होऊन राजीनामा दिला. नंतर ते तालुक्यात कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. आमच्या घरीही आले नाहीत. आई म्हणाली, "जाऊन बघून ये. उप्पिट्टू केलाय, घेऊन जा. म्हणावं, तुरटी घातलीय."

सकाळची वेळ होती. गिरणी चालू होती. मधल्या पायरीवर पेपर होता, मामा नव्हते. घराच्या बाजूच्या बोळात गेले तर जमिनीतल्या टाकीचं, आम्ही संप म्हणतो तिचं, झाकण बाजूला सरकवलेलं आणि मामा तिच्यात बिंदगीनं, म्हणजे कळशीनं, पाणी ओतत होते. दुसरी भरलेली बिंदगी शेजारी. कोट घातलेला. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे, तिथून आणत होते. या वयात.

"मामा, काय करताय हे?"

ते दचकले. "काही नाही गं. जरा कमी होतं."

मी वाकून आत पाहिलं. आतल्या भिंतीवर तांबडी रेघ होती.

वाकडी, अगदी तळ्यातल्यासारखी. पण तळ्यातल्याहून जुनी. रंग सिमेंटमध्ये मुरलेला, त्यावर पुन्हा रंग, त्यावर पुन्हा. कितीदा तरी गिरवलेली. पाणी रेघेच्या किंचित खाली होतं, आणि मामा ते रेघेपर्यंत आणत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. पाणी येतं एक दिवसाआड. संप एक, मोटारी दोन. जो आधी मोटार लावतो तो सगळं वर ओढून घेतो, मग दुसऱ्याच्या घरात आंघोळीला पाणी नसतं, आणि मग जिन्यात भांडी आदळतात. म्हणून रेघ. रेघेखाली कुणी ओढायचं नाही. "ऐकतात का?" मी विचारलं. मामांनी दुसरी बिंदगी उचलून ओतली, पाणी रेघेला टेकलं. "ऐकतील. रंग नंतर बसतो."

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. मोहनचा आवाज आला, "अप्पा, नीरु इदेया?" पाणी आहे का, एवढंच. बोळात तो वाकून बघत नव्हता. बघितलं असतं तर खालच्या घराची खिडकी दिसली असती.

"आहे," मामा वर बघून म्हणाले. "भरपूर आहे. रवीनं आज मोटार लावली नाही. दादाला कामावर जायचंय, त्याच्यासाठी ठेवा म्हणाला."

रवी सकाळीच हेब्बाळच्या बसनं गेला होता, कंपनीच्या. जाण्याआधी मोटार लावून पाणी भरून गेला होता. त्याच्या दाराशी बादल्या भरून ओळीनं ठेवलेल्या मला दिसत होत्या.

 मामा तोंड वर करून उभे. मग खिडकी लागली आणि मोटार सुरू झाली. संपातलं पाणी थरथरलं. रेघेपासून सुटलं. बोटभर खाली गेलं, मग आणखी थोडं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते, तळ्याच्या काठी त्या पहिल्या उन्हाळ्यात बघत होते तसे. ओठ हलत होते. मला वाटतं, ते पाण्यालाच काहीतरी आगाऊ सांगत होते.

आणि मोटार थांबली. एकदम. पाणी होतं तिथे उभं राहिलं.

मामांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "बघ," ते म्हणाले. "बघ, बंद केली त्यानं. अर्ध्यातच."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. गिरणीही त्याच क्षणी थांबली होती. गिरणीवाला हात झटकत दारात येऊन उभा राहिला होता आणि विजेच्या खांबाकडे बघत होता. सगळ्या गल्लीत अचानक शांतता होती.

मी तोंडावर बोलणारी. तोंडावर बोलून नोकरी घालवलेली. माझ्या हातात उप्पिट्टूचा डबा होता आणि समोर ते कोटातले गृहस्थ, पीठ उडून पांढरे झालेले.

"हो मामा," मी म्हणाले. "मोहनदादानं आपण होऊन बंद केली. तुमच्या रवीसाठी ठेवलं असणार."

मामा माझ्याकडे बघत राहिले. गिरणीच्या शांततेकडे त्यांचा कान होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. मग हळूच विचारलं, "आगाऊ?"

मी डबा मधल्या पायरीवर ठेवला, रिकामी बिंदगी उचलली आणि नळाकडे निघाले. मागून दुसरी बिंदगी घेऊन मामा येत होते.